वाचकांचे प्रश्न : बुसानचा गिम्हे विमानतळ

गेल्या अंकात गोव्यातील दाबोळी आणि मोपा या दोन विमानतळांवर टिपण लिहिताना आम्ही दक्षिण कोरियातील बुसान शहराचा ओझरता उल्लेख केला होता. तेथेही नागरी विमाने लष्कराच्या तळावर उतरतात आणि तेथेही नवा विमानतळ कोठे व्हावा यावरून दोन प्रदेशांत वर्षानुवर्षे ओढाताण झाली, एवढेच त्यात म्हटले होते. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्याच विषयाला देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा मालवाहू जहाजावर अधिकारी असून पुढील महिन्यात त्याला बुसान बंदरात रुजू व्हायचे आहे. तिकिटावर ‘पी-यू-एस’ असे संक्षिप्त नाव आहे, एजंटच्या पत्रात ‘गिम्हे विमानतळ’ असे लिहिले आहे आणि नकाशावर गिम्हे हे बुसानच्या शेजारचे वेगळेच शहर दिसते. त्याने नेमके उतरायचे कोठे? (एक वाचक, वास्को)

उत्तर : काळजीचे कारण नाही, दोन्ही नावे एकाच विमानतळाची आहेत. १९७६ साली हा विमानतळ सुरू झाला तेव्हा ती जागा गिम्हे परगण्यात मोडत होती. दोन वर्षांनी तो भाग बुसान शहराच्या हद्दीत घेण्यात आला, पण विमानतळाचे नाव तेच राहिले. आज तो बुसानच्या पश्चिमेकडील गांगसो विभागात, नाकदोंग नदीच्या मुखाजवळील सपाट खाजणी प्रदेशात आहे. ‘पी-यू-एस’ हे शहराच्या जुन्या स्पेलिंगवरून आले आहे.

खरी खबरदारी दुसरीकडे घ्यायला हवी. सोल शहरात ‘गिम्पो’ नावाचा विमानतळ आहे आणि तेथून बुसानला दिवसभर देशांतर्गत विमाने सुटतात. घाईत आरक्षण करताना गिम्पो आणि गिम्हे यांची अदलाबदल सहज होते, आणि त्यांच्यामध्ये जवळजवळ सगळा देश आडवा पसरलेला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे बुसान बंदर आता दोन ठिकाणी विभागलेले आहे. जुने उत्तर बंदर शहराच्या मध्यवस्तीला लागून आहे, तर २००६ पासून सुरू झालेले नवे बंदर पश्चिमेला गादोक बेटाजवळ आहे. मोठी कंटेनर जहाजे बहुतांशी नव्या बंदरात लागतात. विमानतळावरून ही दोन बंदरे विरुद्ध दिशांना पडतात. त्यामुळे जहाज कोणत्या बंदरात लागणार आहे आणि एजंटचा माणूस घ्यायला येणार आहे की नाही, हे निघण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

प्रश्न : आपल्या टिपणात गिम्हेची तुलना दाबोळीशी केली आहे. ती कितपत खरी आहे? आमची पिढी आयएनएस हंसाच्या कुंपणाशेजारी वाढली. नौदलाच्या सरावामुळे विमानांच्या वेळांवर किती निर्बंध असत हे आम्हाला ठाऊक आहे. (एक निवृत्त कर्मचारी, चिखली-मुरगाव)

उत्तर : पायाभूत रचना तीच आहे. दाबोळीची धावपट्टी पोर्तुगीज राजवटीत तयार झाली, गोवामुक्तीनंतर ती नौदलाकडे गेली आणि प्रवासी टर्मिनल हे नौदलाच्या जागेतील नागरी आवार म्हणून चालत आले. गिम्हेला धावपट्ट्या आणि उड्डाणांचे नियंत्रण कोरियाच्या हवाई दलाकडे आहे. प्रवासी इमारती मात्र कोरियाचे विमानतळ महामंडळ चालवते. हवाई दलाची मालवाहू विमाने आणि आकाशात इंधन भरणारी टँकर विमाने येथूनच उडतात. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांची भेट झाली तीही याच हवाई तळावरील एका इमारतीत. म्हणजे एका बाजूला सुट्टीला निघालेली कुटुंबे बॅगा ढकलत होती आणि कुंपणापलीकडे जगाच्या व्यापाराची वाटाघाट चालली होती. दाबोळीच्या वाचकांना अशा शेजाराचे नवल वाटू नये.

फरक आहे तो वेळेचा, आणि आमच्या मते तोच महत्त्वाचा आहे. दाबोळीवर अडचण दिवसाची होती. नौदलाच्या वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी कामकाजाच्या दिवशी सकाळचे काही तास नागरी विमानांना बंद असत, त्यामुळे सगळी गर्दी दुपारनंतर उसळत असे; रात्री मात्र विमाने उतरू शकत. गिम्हेला नेमके उलट आहे. दिवसभर लष्कर आणि नागरी कंपन्या यांच्यात तासाप्रमाणे फेऱ्या वाटून दिलेल्या असतात, आणि आसपासच्या वस्तीला आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून रात्री ११ ते सकाळी ६ या वेळात उड्डाणे बंद ठेवली जातात. लांब पल्ल्याची विमाने बहुधा मध्यरात्रीच्या आसपास सुटतात, कारण त्यामुळे ती दुसऱ्या खंडात सकाळी पोहोचतात आणि पुढची जोडविमाने मिळतात. ती वेळच गिम्हेला उपलब्ध नाही. कोविडपूर्वी, २०१९ साली, येथून सुमारे १ कोटी ७० लाख प्रवाशांनी ये-जा केली, म्हणजे विमानतळ लहान नाही. पण त्यांतील परदेशी प्रवास मुख्यतः जपान, चीन, तैवान, व्हिएतनाम, थायलंड अशा जवळच्या देशांचा. युरोप-अमेरिकेला निघालेला बुसानकर आजही प्रथम सोलजवळचा इंचन विमानतळ गाठतो. देशातील दुसऱ्या क्रमांकाच्या शहराला हे किती लागत असेल, याची कल्पना परदेशी जाण्यासाठी आधी मुंबई गाठणाऱ्या गोवेकराला सहज येईल.

प्रश्न : बुसानजवळ चीनचे एक विमान डोंगरावर आदळले होते असे वाचल्याचे आठवते. विमानतळ जर नदीकाठच्या सपाटीवर आहे, तर डोंगर वाटेत आला कसा? आमच्या विद्यालयातील मुलांना समजावता येईल असे उत्तर द्यावे. (एक शिक्षिका, फोंडा)

उत्तर : आपण विचारलेली दुर्घटना १५ एप्रिल २००२ ची आहे. बीजिंगहून आलेले एअर चायनाचे बोइंग ७६७ विमान सकाळी साडेअकराच्या सुमारास धावपट्टीच्या उत्तरेला सुमारे साडेचार किलोमीटरांवर असलेल्या दोत्दे डोंगराच्या उतारावर आदळले. विमानात १६६ जण होते. त्यांपैकी १२९ मरण पावले आणि ३७ वाचले.

डोंगर वाटेत कसा आला हे समजण्यासाठी आधी वारा समजून घ्यावा लागतो. विमान शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून उतरते, म्हणजे जमिनीच्या मानाने त्याचा वेग कमी राहतो आणि धावपट्टी पुरते. गिम्हेच्या दोन्ही धावपट्ट्या उत्तर-दक्षिण आहेत. वारा उत्तरेकडून असेल तेव्हा काहीच अडचण नसते, कारण विमाने दक्षिणेकडून, खुल्या समुद्रावरून आणि नदीच्या मुखावरून सरळ रेषेत येतात आणि उपकरणे त्यांना थेट धावपट्टीच्या तोंडाशी आणून सोडतात. वारा दक्षिणेचा झाला की मात्र विमानाला उत्तरेकडून यावे लागते, आणि सपाटी उत्तरेला संपते. तिकडे डोंगरांची रांग इतकी जवळ आहे की सरळ उतरत येण्याजोगी वाट मिळत नाही. म्हणून अशा वेळी वैमानिक दक्षिणेकडूनच, नेहमीच्या वाटेने, विमानतळाजवळ येतात, धावपट्टी डोळ्यांना दिसली की पश्चिमेकडे वळतात, धावपट्टीला समांतर उत्तरेकडे जातात आणि डोंगर लागण्याच्या आत उजवीकडे वळसा घेऊन दक्षिणेकडे तोंड करून उतरतात. हे सगळे उपकरणांवर नव्हे, नजरेवर चालते. धावपट्टी नजरेआड झाली की उतरण्याचा विचार सोडून ताबडतोब वर चढायचे, हा त्यातील मुख्य नियम.

त्या दिवशी वारा दक्षिणेचा होता, ढग खाली आले होते आणि पाऊस होता. विमानाने वळण घेण्यास उशीर केला, ते वळशासाठी आखून दिलेल्या सुरक्षित क्षेत्राबाहेर गेले, धावपट्टी दिसेनाशी झाली आणि तरीही वेळेत वर चढण्याचा निर्णय झाला नाही. ते आदळले ती जागा समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटर उंचीवर आहे. कोरियाच्या चौकशी मंडळाने मुख्य दोष वैमानिकांच्या कृतीला दिला. अशा मोठ्या विमानाला वळशासाठी किती दृश्यमानता लागते याचे भानही त्यांनी ठेवले नव्हते, असे त्यात नमूद आहे. ते खरेच आहे, पण आम्हाला त्यात आणखी एक बाजू दिसते. जो विमानतळ वाऱ्याची दिशा बदलताच वैमानिकाकडून एवढ्या अवघड कसरतीची अपेक्षा करतो, त्याने चूक सावरायला जागाच फार थोडी ठेवलेली असते. नवा विमानतळ हवा, ही बुसानमधील मागणी या दुर्घटनेनंतर जोर धरू लागली, ती उगाच नव्हे.

मुलांना समजावताना फळ्यावर एक उभी रेघ काढावी, खाली समुद्र, वर डोंगर दाखवावा आणि वाऱ्याचा बाण एकदा वरून खाली व एकदा खालून वर काढून, प्रत्येक वेळी विमान कोठून येईल हे त्यांनाच विचारावे. आठवीची मुले पाच मिनिटांत उत्तर काढतील.

प्रश्न : इफ्फीच्या निमित्ताने पणजीत येणारे चित्रपटवाले बुसानच्या महोत्सवाचेही गोडवे गातात. तो महोत्सव होतो ती जागा पूर्वी विमानतळ होती, हे खरे का? (एक चित्रपटप्रेमी, पणजी)

उत्तर : खरे आहे. गिम्हेपूर्वी बुसानचा विमानतळ शहराच्या पूर्वेला सुयोंग येथे होता. जपानी राजवटीत १९४० च्या सुमारास तो लष्करी धावपट्टी म्हणून बांधला गेला, कोरियन युद्धात अमेरिकी विमानांनी वापरला आणि १९७६ मध्ये नागरी वाहतूक गिम्हेला गेली. मोकळ्या झालेल्या जागेवर पुढे ‘सेंटम सिटी’ हा नवा भाग उभा राहिला. महोत्सवाचे मुख्य केंद्र असलेले, २०११ मध्ये खुले झालेले चित्रपटगृहसंकुल तेथेच आहे, आणि शेजारी जगातील सर्वांत मोठे म्हणून गिनेस बुकात नोंदलेले डिपार्टमेंटल स्टोअर आहे. दाबोळीच्या जागेचे पुढे काय करावे याविषयी अधूनमधून चर्चा करणाऱ्यांनी हे उदाहरण वापरण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे की सुयोंगची धावपट्टी लष्करानेही सोडली होती. दाबोळी नौदलाने सोडलेली नाही आणि सोडण्याची चिन्हेही नाहीत.

प्रश्न : गादोक बेटावर नवा विमानतळ होणार म्हणतात. तो झाल्यावर गिम्हे बंद पडणार का? मोपा झाल्यापासून दक्षिण गोव्यात जी धास्ती आहे, तशी तेथेही आहे का? (पेडणे आणि मडगाव येथील वाचक, दोन पत्रे, एकच प्रश्न, अर्थातच वेगवेगळ्या सुरांत)

उत्तर : आधी वादाचा इतिहास सांगायला हवा, कारण तो आपल्या ओळखीचा वाटेल. कोरियाच्या आग्नेय भागासाठी नवा विमानतळ हवा यावर सर्वांचे एकमत होते. तो कोठे हवा यावर नव्हते. बुसानला तो समुद्रातील गादोक बेटावर हवा होता. देगूसह आसपासच्या प्रांतांना तो आत डोंगराळ भागात, मिर्यांग येथे हवा होता. शेवटी सरकारने एका फ्रेंच अभियांत्रिकी संस्थेला अभ्यास करायला सांगितले. तिने जून २०१६ मध्ये दोन्ही जागा बाजूला सारून गिम्हेलाच आणखी एक, पश्चिमेकडे तिरपी वळणारी धावपट्टी जोडावी, असा निष्कर्ष काढला. तुलनेत गादोकला सर्वांत कमी गुण मिळाले होते.

एवढ्यावर प्रकरण मिटायला हवे होते. पण रात्रीची बंदी, लष्कराचा वाटा आणि उत्तरेकडचे डोंगर हे तिन्ही प्रश्न त्या उपायाने सुटत नाहीत, अशी बुसानची तक्रार कायम राहिली. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारनेच नेमलेल्या पडताळणी समितीने गिम्हेच्या विस्ताराचा मुळापासून फेरविचार करावा असे सांगितले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये संसदेने गादोकसाठी खास कायदा संमत केला. मोठ्या प्रकल्पांना लागणाऱ्या प्राथमिक आर्थिक तपासणीतून सूट देण्याची सोयही त्यात होती. बुसानच्या महापौरपदाची पोटनिवडणूक त्यानंतर दोनच महिन्यांवर होती. आमच्या मते गिम्हेविषयीची बुसानची तक्रार रास्त होती, पण जागेचा निर्णय अभियंत्यांच्या कागदांपेक्षा निवडणुकीच्या पंचांगाने लवकर झाला.

पुढे २०३० चे जागतिक प्रदर्शन बुसानला मिळेल या आशेने विमानतळ डिसेंबर २०२९ पर्यंत उघडायचे ठरले. नोव्हेंबर २०२३ मध्ये मतदान झाले. रियाधला ११९ मते मिळाली, बुसानला २९. घाईचे कारण गेले तरी तारीख राहिली. मग २०२५ मध्ये मुख्य ठेकेदाराने ८४ महिन्यांत काम होणार नाही, १०८ लागतील, असे सांगून अंग काढून घेतले. त्यामागचे कारण तांत्रिक आहे. धावपट्टीचा काही भाग बेटावर, तर काही समुद्रात भराव घालून तयार करायचा आहे. समुद्रतळाशी मऊ चिखलाचा जाड थर आहे आणि जमिनीवरचा भाग व भरावाचा भाग सारख्या प्रमाणात खचणार नाहीत. ओसाकाचा कान्साई विमानतळ १९९४ पासून भरावावर उभा आहे आणि तेव्हापासून खचतही आहे. सरकारने नंतर मुदत १०६ महिन्यांवर नेली, त्यामुळे विमाने आता २०३५ च्या सुमारास उडतील असे धरले जाते.

आता मूळ प्रश्न. आराखड्यानुसार ३,५०० मीटरांची धावपट्टी आणि चोवीस तास वाहतूक असलेल्या गादोकला आंतरराष्ट्रीय विमाने जातील, आणि देशांतर्गत विमाने व हवाई दल गिम्हेला राहतील. म्हणजे गिम्हे बंद होणार नाही, पण त्याचा मान उतरेल. मोपाची धावपट्टीही योगायोगाने ३,५०० मीटरांचीच आहे, पण दोन्हींत एक महत्त्वाचा फरक आहे. तेथे कोणती विमाने कोठे जातील हे सरकार आधी ठरवत आहे. आपल्याकडे दाबोळी चालू राहील असे आश्वासन दिले गेले आणि निवड विमान कंपन्यांवर सोडली गेली. जानेवारी २०२३ मध्ये मोपावरून वाहतूक सुरू झाली आणि २०२४ मध्ये कतार एअरवेजने दाबोळी सोडून मोपाची वाट धरली. मडगावच्या वाचकांची धास्ती आम्हाला अनाठायी वाटत नाही. पेडण्याच्या वाचकांचा आनंदही समजतो. मात्र बुसानच्या उदाहरणाचा आधार घ्यायचाच असेल, तर दोन विमानतळांमध्ये कामाची वाटणी लेखी झाली पाहिजे, ही मागणी दोघांनाही मिळून करता येईल.

प्रश्न : नदीच्या मुखाशी विमानतळ म्हणजे पक्ष्यांचा त्रास असणारच. तो कसा हाताळतात? (एक पक्षीनिरीक्षक, चोडण)

उत्तर : नाकदोंगचे मुख हे कोरियातील स्थलांतरित पक्ष्यांचे मोठे आश्रयस्थान असून १९६६ पासून त्याला संरक्षण आहे. गिम्हेला पक्ष्यांना हुसकावण्यासाठी वेगळी पथके ठेवावी लागतात. २९ डिसेंबर २०२४ रोजी मुआन विमानतळावर जेजू एअरच्या विमानाला पक्षी धडकले आणि पुढे ते धावपट्टीच्या टोकापलीकडील, दिशादर्शक अँटेनांसाठी बांधलेल्या काँक्रीटच्या पायावर आदळून १७९ जण मरण पावले. त्यानंतर झालेल्या तपासणीत असेच धोकादायक पाये ज्या विमानतळांवर आढळले त्यांत गिम्हेही होता. गादोक तर त्याच मुखाच्या तोंडाशी आहे, त्यामुळे पक्ष्यांचा प्रश्न तेथे सुटत नाही, फक्त दक्षिणेकडे सरकतो. चोडणच्या अभयारण्याजवळ कोणी काही बांधायला निघाले तर आपण काय लिहाल, तेच तेथील पक्षीप्रेमी लिहीत आहेत.

प्रश्न : मुलगी शिक्षणासाठी बुसानला निघाली आहे. पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायची नाही, असा तेथे कडक नियम आहे म्हणे. आणि विमानतळावरून शहरात जाण्याची सोय कशी आहे? (एक पालक, डिचोली)

उत्तर : नियमाचे मूळ गिम्हेतच आहे. २८ जानेवारी २०२५ च्या रात्री हाँगकाँगला निघण्याच्या तयारीत उभ्या असलेल्या एअर बुसानच्या विमानात मागच्या बाजूच्या सामानाच्या कप्प्यातून धूर येऊ लागला आणि बघता बघता छत जळाले. आतील सर्व १७६ जण घसरगुंड्यांवरून बाहेर पडले म्हणून जीवितहानी टळली. कप्प्यातील पॉवर बँकेत बिघाड होऊन आग लागली असावी, असा तपासाचा कल आहे. १ मार्च २०२५ पासून कोरियन विमानांत पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवता येत नाही. ती जवळ किंवा समोरच्या खिशात ठेवायची, टोकांवर चिकटपट्टी लावायची किंवा ती वेगळ्या पिशवीत घालायची. चेक-इनच्या बॅगेत तर ती कोठेच चालत नाही.

विमान कंपनीच्या खास परवानगीशिवाय नेण्याची मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. हिशेब सोपा आहे : बँकेवर २०,००० मिलीअँपिअर-तास लिहिले असतील तर त्याला ३.७ व्होल्टने गुणून १,००० ने भागावे. उत्तर ७४ येते, म्हणजे ती चालेल. आकडे पुसलेली जुनी बँक मात्र घरीच ठेवावी, कारण तपासनीस आकडा वाचतो, आपले म्हणणे ऐकत बसत नाही.

गोव्याहून बुसानला थेट विमान नाही. सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगमार्गे गेल्यास थेट गिम्हेला उतरता येते. इंचनमार्गे जायचे असल्यास आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी असलेले इंचन-गिम्हे जोडविमान मिळते का ते पाहावे, नाहीतर सोलहून वेगवान रेल्वेने जावे. गिम्हेच्या टर्मिनलसमोरच चालकाविना धावणाऱ्या हलक्या रेल्वेचे स्थानक आहे. ती २०११ पासून चालू आहे. सासांग या शेवटच्या स्थानकावर मेट्रोची दुसरी मार्गिका मिळते, जी हेउंदेच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाते; विद्यापीठ उत्तर भागात असेल तर देजो स्थानकावर उतरून तिसरी मार्गिका घेणे सोयीचे. रात्री उशिरा उतरणारे विमान असल्यास गाड्यांची शेवटची वेळ आधी पाहून ठेवावी. आणि विमान उतरताना खिडकीतून लष्करी बाजूचे फोटो काढू नयेत, हे मुलीला आवर्जून सांगावे. दाबोळीवर आपण ते पथ्य पाळतो. तेथेही ते तितकेच लागू आहे.